सरकारी आयटी टीमला वर्क फ्रॉम होम परवडतं का, हिशोब कसा मांडायचा?

होटगीरोडकर: सोलापुरातच एका सरकारी ऑफिसच्या आयटी टीममध्ये आहे, निम्मी पोरं कंत्राटी. आठवड्यातले दोन दिवस घरून काम द्या असा प्रस्ताव टाकलाय, साहेब म्हणतात पैसे किती वाचतात ते दाखवा. एसी, लाईटबिल सगळं धरलं तरी आकडा काही भरत नाही, आणि जागा सरकारी म्हणजे भाडं पण वाचत नाही. नक्की धरायचं काय?

सातरस्ता: लाईटबिलाच्या नादी लागूच नका. सर्व्हर रूमचा एसी चोवीस तास चालणारच, जागेचा फायदा पण टेबलं कमी करून ती दुसऱ्या विभागाला दिली तरच. पैसा जातो तो माणूस सोडून गेल्यावर. आमच्याकडं सॉफ्टवेअरमधला पाणीपट्टीचा भाग (मॉड्यूल) एकाच पोरीला येत होता, ती पुण्याला गेली, नवीन पोराला डेटाबेसमधली माहितीची मांडणी कळेपर्यंत वसुलीचा मार्च निघून गेला, माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचं बिल मात्र पूर्ण द्यावं लागलं! चीनच्या ट्रिप डॉट कॉम या प्रवास-बुकिंग कंपनीतला प्रयोग २०२४ ला 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलाय, १,६१२ लोक, दोन दिवस घरून, नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने घटले आणि कामात फरक पडला नाही. खाजगी कंपनी आहे ती, आकडा जसाच्या तसा उचलू नका, पण मोजायचं हेच.

जुळेसोलापूर: आणि काम कसं मोजणार? अमेरिकेच्या पेटंट ऑफिसात कुठूनही काम करायची मुभा दिल्यावर काम ४.४ टक्के वाढलं, पण तिथं कोण किती अर्ज निकाली काढतो हे आधीपासून मोजतात. आपल्याकडं हजेरी लागली की झालं. तक्रार कधी आली, कधी सुटली, तीच परत आली का, एवढं तरी आधी लिहून ठेवा, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार. खर्चाच्या बाजूला लॅपटॉप, व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणी) धरा. केंद्राच्या मे २०२० च्या मसुद्यात वर्षाला १५ दिवस घरून काम होतं, पण गोपनीय फाईली घरून नाहीत, ते पण बघा.

अक्कलकोटरोड: एक राहिलं. मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत घरी दुपारी लाईट गेली तर इन्व्हर्टर कोणाचा, नेट कोणाचं? ऑफिसचं बिल कमी करून कंत्राटी पोरांच्या खिशात हात घालत असाल तर त्याला बचत म्हणू नका, भत्ता धरूनच आकडा काढा.

होटगीरोडकर: भत्ता माझ्या डोक्यातच नव्हता, धरतो. तक्रारींचं रजिस्टर आहे आमच्याकडं, पण बंद केल्याची तारीख कोणी टाकतच नाही, उद्यापासून तेवढं सुरू करतो. माणूस गेल्यावर नवीन तयार व्हायला किती महिने लागले याचा रेकॉर्ड कोणी ठेवलाय का, फॉरमॅट असेल तर टाका.