मदत हवी आहे : ‘सिलुएट’ला मराठीत काय म्हणावे?

नमस्कार,

हौशी छायाचित्रकारांच्या एका वर्गासाठी मी मराठीत टिपणे तयार करत आहे आणि ‘सिलुएट’ या एका शब्दापाशी गेले पंधरा दिवस अडून बसले आहे. भाषेच्या जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

अडचण नीट समजावी म्हणून ज्या चित्राखाली हा शब्द छापायचा आहे, त्याचेच वर्णन करते. मालवणच्या किनाऱ्यावर संध्याकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचे मासेमारीचे मोठे जाळे, ओढली जात आहे. सूर्य माणसांच्या मागे आहे आणि कॅमेऱ्याने उजेडाचे मोजमाप आकाशावरून घेतले आहे, त्यामुळे सारी माणसे काळी ठिक्कर आली आहेत. एकाचाही चेहरा दिसत नाही, पण दोराला बसलेला ताण दिसतो आणि ओळीतला तिसरा माणूस दमला आहे हे त्याच्या वाकलेल्या पाठीवरून कळते. आता याला ‘छायाचित्र’ म्हणावे, तर तो शब्द आपण फोटोला केव्हाच देऊन टाकला आहे. ‘सावली’ किंवा ‘पडछाया’ म्हणावे, तर सावली वाळूवर पडते. इथे काळी दिसत आहेत ती माणसे स्वतःच.

मूळ अर्थ पाहावा म्हणून शब्दाच्या इतिहासात शिरले, तर तिथे एक अर्थमंत्री भेटला. एतिएन द सिलुएत (1709–1767) हा पंधराव्या लुईचा महालेखानियंत्रक, म्हणजे व्यवहारात फ्रान्सचा अर्थमंत्री. मार्च 1759 मध्ये तो त्या पदावर आला तेव्हा सप्तवार्षिक युद्धाने तिजोरी रिकामी केली होती. त्याने श्रीमंतांच्या ऐश्वर्याच्या खुणांवर कर बसवायचे ठरवले आणि सोन्याचांदीची भांडी वितळवण्यासाठी टांकसाळीत आणायला लावली. सरदार मंडळी खवळली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याला पायउतार व्हावे लागले. पॅरिसमध्ये मात्र त्याचे नाव मागे उरले: जे जे काटकसरीचे, तोकडे आणि अपुरे, ते ते ‘सिलुएत पद्धतीचे’. बिनखिशाच्या विजारीलाही लोक त्याचेच नाव देऊ लागले. मराठीत आपण ‘तुघलकी कारभार’ म्हणतो, त्याच जातीचा हा प्रकार आहे.

त्या काळी रंगीत व्यक्तिचित्र करून घेणे खर्चाचे काम होते. ज्यांना ते परवडत नसे, त्यांच्यासाठी एक स्वस्त तोड होती. माणसाला मेणबत्ती आणि ताणलेला कागद यांच्यामध्ये एका बाजूला तोंड करून बसवायचे, कागदावर उमटलेल्या सावलीची कड पेन्सिलीने गिरवायची आणि आतला भाग काजळीने भरायचा, किंवा सरळ काळा कागद कात्रीने कापून पांढऱ्यावर चिकटवायचा. या चित्रांना मंत्र्याचे नाव का मिळाले, याची स्पष्टीकरणे मात्र वेगवेगळी दिली जातात: कोणी चित्रांच्या स्वस्ताईकडे बोट दाखवतात, कोणी मंत्र्याच्या क्षणभंगुर कारकिर्दीकडे, तर कोणी सांगतात की त्याला स्वतःलाच अशी चित्रे काढण्याचा नाद होता. मला स्वस्ताईचे कारण सर्वांत पटते, कारण विजारीचे उदाहरणही त्याच अंगाने जाते. इंग्लंडमध्ये अशा चित्रांना आधी ‘शेड’ किंवा ‘प्रोफाइल’ म्हणत; फ्रेंच शब्द तिथे रुळला तो एकोणिसाव्या शतकात, ऑग्युस्त एदुआर या कातरकाम करणाऱ्या फ्रेंच कलावंतामुळे. मंत्र्याचे ‘सिलुएत’ हे आडनाव मुळात बास्क, म्हणजे फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या बास्क लोकांच्या भाषेतले आहे. त्या भाषेत ‘झुलो’ म्हणजे भोक किंवा गुहा आणि ‘एता’ हा विपुलता दाखवणारा प्रत्यय. म्हणजे शब्दाच्या मुळाशी सावलीही नाही आणि रेषाही नाही.

या इतिहासामुळे माझा पेच उलट वाढला. मेणबत्तीपुढच्या चित्रात सावली खरोखर होती, म्हणून तिथे ‘छायाकृती’ चपखल बसतो. फोटोत सावलीचा संबंध उरत नाही. उरते ती फक्त कड. आणि कपड्यांच्या संदर्भात हाच शब्द येतो तेव्हा काळा रंगही गळून पडतो आणि पोशाखाचा बाह्याकार तेवढा उरतो. तिन्हींना एकच मराठी शब्द देण्याचा अट्टाहास सोडावा, असे माझे मत बनत चालले आहे. फोटोसाठी ‘कृष्णाकृती’ मनात आहे, पण तो उच्चारताच कृष्णाची मूर्ती डोळ्यांपुढे येते. ‘काळी आकृती’ सोपा आहे, पण त्यातून मागचा उजेड निसटतो.

म्हणून विचारते : मराठीत याआधी कोणी फोटोच्या अर्थाने एखादा शब्द वापरलेला आपल्या वाचनात आहे का? कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. त्यात पडद्यावर उमटणाऱ्या आकृतीला तिथल्या बोलीत काही खास नाव आहे का? आणि मूळ शब्दच ठेवायचा झाला, तर त्यातला ‘ह’ फ्रेंचमध्ये उच्चारला जात नसताना ‘सिल्हूट’ लिहावे की ‘सिलुएट’? टिपणे महिनाअखेरीस छपाईला जायची आहेत. तोवर त्या फोटोखालची जागा मी कोरी ठेवली आहे.