राजमलाचं धुकं आणि ताहर: डोंगरावरच्या जंगलांतले तुमचे अनुभव

गवतफूल
आज लेकीला भूगोल घेताना तिच्या वहीत 'अनामुडी, २६९५ मीटर' दिसलं आणि पोळी तव्यावर करपली. त्याच डोंगरातल्या, केरळच्या एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात बाबांबरोबर गेले होते, त्याला बारा वर्षं झाली. वनखात्याच्या बसमधून राजमलाला उतरलो तर पुढच्या माणसाची पाठ दिसेना इतकं धुकं. बाबा म्हणाले, "थांब गं जरा, घाई कशाला?" कठड्यापाशी उभे राहिलो. आधी आवाज आला, गवत तोडल्याचा, कर्र कर्र. धुकं सरकलं तर चार हातांवर ताहरची, म्हणजे तिथल्या रानशेळीची, मादी. मागे वळलेली शिंगं, पापण्यांच्या केसांवर पाण्याचे बारीक थेंब. एकदा बघितलं आमच्याकडे आणि परत खाली मान घालून चरायला लागली. बाबांनी कॅमेरा काढलाच नाही, माझं कोपर घट्ट धरून उभे होते. आता बाबा नाहीत. ती पकड अजून आहे.
तुमचेही लिहा ना. एरविकुलमच हवं असं नाही, डोंगरातलं कुठलंही जंगल चालेल.

घाटवाट
डोळे भरून आले ताई.

सुपारीफूल
आम्ही फेब्रुवारीत गेलो आणि बंद! पिल्लं होण्याचा काळ, दोनेक महिने कुणालाच सोडत नाहीत. चौकशी न करता गेलो, चूक आमचीच. सासूबाई मात्र म्हणाल्या, "बाळंतिणीच्या खोलीत कुणी शिरतं का?" विषय संपला.

रानवेडा
सासूबाईंना नमस्कार सांगा 🙏
आमच्या वेळी एकाने ताहरपुढे वेफर्स धरले. वनरक्षकाने पाकीटच काढून घेतलं, बरं केलं. पूर्वी हे चहामळेवाल्या साहेबांचं शिकारीचं रान. १९७५ ला अभयारण्य, १९७८ ला राष्ट्रीय उद्यान झालं. इतक्या वर्षांत माणसाची भीती गेली म्हणून ती जवळ येतात. त्या विश्वासाला वेफर्स दाखवायचे? फार राग येतो.
बाकी म्हाताऱ्या नराच्या पाठीवर खोगीर घातल्यासारखा फिका पट्टा असतो. बघितलाय का कुणी?

चहाटपरी
बघितलाय. कड्याच्या अगदी टोकावर उभा होता, माझ्याच पोटात गोळा. तिथले लोक त्याला वरयाडू म्हणतात, कड्यावरची शेळी.

मोगरा_७१
मुन्नारच्या वळणांवर उलटीचं काय करता? नातू बरोबर आहे.

सुपारीफूल
काकू, आवळासुपारी आणि पुढची सीट. निघताना पोटभर दूध नको.

नीलपाखरू
आमची २०१८ ची कुरिंजी, तिथलं ते निळ्या फुलांचं झुडूप, हुकली. बारा वर्षांनी एकदा फुलते, २००६ नंतर तेव्हाच. तिकिटं हातात होती आणि ऑगस्टमध्ये केरळात पूर आला. राजमलाच्या वाटेवरचा पेरियावराईचा पूल वाहून गेला. तिथल्या माणसांची घरं गेली, आपल्या तिकिटांचं काय घेऊन बसायचं. आता २०३०. तेव्हा मी त्रेसष्ट.

घाटवाट
कुरिंजी म्हणजे आपल्या कारवीची बहीणच हो. आमच्या मामाकडे कुडाच्या भिंती कारवीच्याच. सात वर्षांनी फुलली की डोंगर जांभळा, मग झाड बी टाकून मरतं. आजी म्हणायची, औंदा कारवीचा मध खाऊन घ्या, पुन्हा कधी कोण जाणे.

मोगरा_७१
तो मध दाट असतो ना? आमच्याकडे खोकल्याला ठेवायचे.

रानवेडा
चांदोलीचं राहिलंच. झोळंबीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पावसाळा संपता संपता गेलो होतो. बुटात जळवा, त्या काढत बसलो आणि समोर गवा. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. नाकातून फुस्स केलं फक्त. जळू तशीच सोडून दिली, हललोच नाही. तो गेल्यावर मोजा बघितला तर रक्ताने भिजलेला. बाकीचं रात्री लिहितो, बस आली.

गवतफूल
वाचतेय सगळं, कुकर लावून आले. नीलपाखरू, २०३० ला मीही येते. लेक तेव्हा कॉलेजात असेल. कठड्यापाशी तिचं कोपर मी धरीन.

नीलपाखरू
ये गं. फेब्रुवारी सोडून 😊