मदत हवी आहे: आठवीच्या पोर्तुगीजमधली सर्वनामं कोणत्या क्रमाने शिकवावीत?

गोव्यात मराठी-कोकणी बोलणाऱ्या आठवीच्या मुलांसाठी पुरुषवाचक सर्वनामांचे पाठ बसवायचे आहेत. पोर्तुगालची प्रमाण भाषा धरली आहे.

कर्त्याची सर्वनामं (एउ, तू, एल, एला, नॉश, एलश, एलाश) लवकर बसतात. 'व्हॉश' (अनेकवचनी 'तुम्ही'चं जुनं रूप) फक्त ओळखीपुरतं ठेवावं असं माझं मत. चूक होते ती 'व्होसे'पाशी (एका व्यक्तीसाठीचं 'तुम्ही'). 'तुम्ही बोलता' या सवयीने मुलं एका व्यक्तीसाठीही अनेकवचनी 'फालांव' लावतात. हवं तृतीय पुरुषी एकवचन, 'व्होसे फाला'. 'फालांव' येतं ते 'व्होसेश'बरोबर (अनेकांसाठीचं 'तुम्ही').

खरी अडचण कर्माच्या सर्वनामांची. 'मी ते विकत घेतो' यासाठी 'कोंप्रु-उ'. पण नकार आला की सर्वनाम क्रियापदाच्या आधी उडी मारतं: 'नाँव उ कोंप्रु'. मूळ रूप 'कोंप्रार', त्याचा शेवटचा र गळून 'कोंप्रा-लु', आणि अनुनासिक शेवटानंतर 'कोंप्रांव-नु'. त्यात पुस्तक आपल्याकडे नपुंसकलिंगी, तिकडे 'लिव्रु' पुल्लिंगी. म्हणून आधी नामाचं लिंग पक्कं हवंच. ब्राझीलचे व्हिडिओ पाहणारी मुलं कर्मालाही 'एल' वापरतात. तिथे बोलताना ते सर्रास चालतं, पण आमच्या परीक्षेत गुण जातात.

शिकवणाऱ्यांनो, नकारातली जागा आधी घ्यावी की लु-नु हे बदल? मला जागा आधी योग्य वाटते, कारण 'नाँव' पहिल्या धड्यापासून येतं. प्रश्नवाचक शब्द आणि 'कं' (que, म्हणजे 'की' किंवा 'जो') यांच्यानंतरही सर्वनाम आधीच येतं, ते त्याच तासिकेत घ्यावं का? लेखी सराव कसा देता, तेही कृपया सांगा.