सिम्युलेटेड लीगमध्ये क्वार्टरबॅकची तुलना कशाच्या आधारे करावी?

प्रश्न

नमस्कार. आमच्या सिम्युलेटेड (संगणकावर खेळवल्या जाणाऱ्या) अमेरिकन फुटबॉल लीगचा हंगाम संपला असून सर्वोत्तम क्वार्टरबॅकची, म्हणजे पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूची, निवड करायची आहे. दोन्ही दावेदारांनी प्रत्येकी 500 पास टाकले. पहिल्याचे 340 पास पूर्ण झाले आणि त्याच्या नावावर 3500 यार्ड, 20 टचडाऊन (थेट गुण मिळवून देणारे पास) व 10 इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) आहेत. दुसऱ्याचे 300 पास पूर्ण झाले असून 3750 यार्ड, 22 टचडाऊन व 12 इंटरसेप्शन आहेत. पासर रेटिंग अनुक्रमे 92.9 आणि 88.0 येते, त्यामुळे बहुतेकांचा कौल पहिल्याकडे आहे. मला मात्र सामने पाहताना दुसराच वरचढ वाटत राहिला. पहिला 50 वेळा सॅक झाला (पास टाकण्याआधीच पाडला गेला) आणि त्यात 350 यार्ड गेले, तर दुसरा 15 वेळा सॅक होऊन 100 यार्ड गेले. हे कुठे धरायचे?

उत्तर 1

तुमची शंका रास्त आहे. एनएफएलने (अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल लीगने) 1973 साली स्वीकारलेल्या पासर रेटिंगमध्ये चारच गोष्टी मोजल्या जातात: पूर्ण पासांची टक्केवारी, प्रतिपास यार्ड, टचडाऊनचे प्रमाण आणि इंटरसेप्शनचे प्रमाण. प्रत्येक घटकाला 0 ते 2.375 अशी मर्यादा असल्यामुळे रेटिंग 158.3 च्या वर जात नाही. सॅकला या सूत्रात स्थानच नाही. पहिल्या डाऊनला (10 यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी पहिल्यात) चेंडू हातात धरून ठेवत जो 7 यार्ड मागे सॅक होतो, त्याच्या संघापुढे दुसऱ्या डाऊनला 17 यार्डांचे आव्हान उभे राहते, पण त्याचे रेटिंग तसूभरही घसरत नाही. उलट संकटातून सुटण्यासाठी जो चेंडू मैदानाबाहेर फेकतो, त्याच्या खात्यात एक अपूर्ण पास जमा होतो. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो.

त्याऐवजी समायोजित निव्वळ यार्ड काढावेत. पासच्या यार्डांत प्रत्येक टचडाऊनचे 20 मिळवायचे, प्रत्येक इंटरसेप्शनचे 45 आणि सॅकमध्ये गेलेले यार्ड वजा करायचे, आणि आलेल्या आकड्याला पास व सॅक यांच्या बेरजेने भागायचे. पहिल्याचे 3100 भागिले 550, म्हणजे 5.64 येतात; दुसऱ्याचे 3550 भागिले 515, म्हणजे 6.89. हा फरक किरकोळ नाही.

उत्तर 2

सूत्र मान्य आहे, पण सॅकचा सगळा दोष क्वार्टरबॅकच्या माथी मारण्यापूर्वी त्याची ऑफेन्सिव्ह लाइन (त्याचे रक्षण करणारी सहकाऱ्यांची फळी) कशी होती ते पाहायला हवे. प्रत्यक्ष खेळात यात क्वार्टरबॅकचा वाटा बराच मोठा असतो हेही खरे, कारण एनएफएलमधला क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग इंडियानापोलिसच्या संघात फार क्वचित सॅक होत असे आणि डेन्व्हरच्या संघात गेल्यावरही तेच दिसले. तुमच्या सिम्युलेशनमध्ये हा वाटा किती धरला आहे, ते इंजिनावर, म्हणजे सामने चालवणाऱ्या संगणक प्रणालीवर, अवलंबून राहील.

दुसरे म्हणजे नशीब. 500 पासांत सरासरी 10 इंटरसेप्शन देणाऱ्या खेळाडूला निव्वळ योगायोगाने एका हंगामात 7, तर दुसऱ्या हंगामात 13 पडू शकतात. एवढ्या फरकाने रेटिंग 5 गुणांनी हलते, आणि तुमच्या दोन दावेदारांमधले अंतर 4.9 गुणांचे आहे. सिम्युलेशनची मोठी सोय अशी, की लीगच्या फाइलची प्रत काढून दोघांची संघांमध्ये अदलाबदल करता येते आणि बाकी काहीही न बदलता तोच हंगाम शेकडो वेळा चालवता येतो. प्रत्यक्ष खेळात अशी चाचणी कुणालाही शक्य नाही. सॅक खेळाडूबरोबर जातात की जुन्या लाइनकडेच राहतात, हे त्यातून स्वच्छ दिसेल.

उत्तर 3

चाचणी अवश्य करावी, परंतु तिचा निकाल पुरस्कारासाठी वापरू नये. पुरस्कार झालेल्या हंगामातील कामगिरीचा असतो, आणि नशिबाने पडलेल्या इंटरसेप्शनमुळेही सामने खरोखरच हातचे गेलेले असतात. पुढच्या हंगामासाठी कोणाला संघात घ्यावे, हा प्रश्न असेल तेव्हा शेकडो हंगामांची सरासरी पाहावी.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुरस्कारासाठी समायोजित निव्वळ यार्डांचा तक्ता मतदारांपुढे ठेवतो आणि फेरमतदान घेतो. अदलाबदलीची चाचणी खेळाडूंच्या देवाणघेवाणीची मुदत सुरू होण्यापूर्वी करेन, कारण पहिल्या क्वार्टरबॅकसाठी दोन संघांनी आत्ताच विचारणा केली आहे.