शुक्र फिरत नाही: जुन्या पितळी ग्रहमालेची दुरुस्ती आणि विक्री

मृगशीर्ष

नमस्कार मंडळी. घड्याळं दुरुस्त करायचा छंद जुनाच आहे, पण या वेळी हाती वेगळंच काहीतरी आलंय. दांडी फिरवली की सूर्याभोवती ग्रह फिरतात, ती पितळी ऑररी. गोल लाकडी बैठक, तिच्यावर चिकटवलेली छापील कागदी तबकडी, तबकडीच्या कडेने बारा राशी आणि महिन्यांचे दिवस. पृथ्वी आणि मंगळ छान चालतात, बुध अडखळतो आणि शुक्र जागचा हलत नाही. गुरू, शनी, युरेनस यांना यंत्र नाही, त्यांचे दांडे हातानेच सरकवायचे.

उलटी करून पाहिली. मधोमध एकात एक बसणाऱ्या नळ्या आहेत, एकेका ग्रहाची एकेक. शेजारी एक उभा आस आणि त्यावर पक्की बसवलेली चाकं. प्रत्येक चाक समोरच्या नळीवरच्या चाकाला फिरवतं. शुक्राच्या नळीवर मात्र चाकच नाही, फक्त सोल्डरची काळपट खूण. त्याच्या समोरचं, आसावरचं चाक शाबूत आहे, ७८ दात्यांचं. पृथ्वीची जोडी ६३ ला ६३. मंगळाचं आसावरचं ४२ आणि नळीवरचं ७९. बुधाचं आसावरचं ८३, नळीवरचं २०.

दुरुस्त करून विकायचा विचार आहे, म्हणजे पुढची एखादी घेता येईल. हरवलेल्या चाकाला दाते किती असतील? पितळ सगळं तपकिरी-काळं झालंय, ते चमकवायचं का? आणखी एक कोडं: शनीभोवती सात मणी आहेत, युरेनसभोवती सहा. युरेनसचे सहा चंद्र त्या काळी कुठून आले? कुणी नंतर हौसेने लावलेत की काय? तसं असेल तर काढून टाकतो.

ध्रुवमत्स्य

कृपा करून ते सहा मणी काढू नका! तुमच्या यंत्राचा जन्मदाखला तिथेच आहे.

विल्यम हर्शलने युरेनस शोधला १७८१ मध्ये, त्याचे दोन चंद्र १७८७ मध्ये. पुढे त्याने आणखी चार चंद्र दिसल्याचं १७९८ मध्ये प्रसिद्ध केलं. ते चार प्रत्यक्षात नव्हतेच, पण नाव हर्शलचं, त्यामुळे ‘युरेनसला सहा चंद्र’ हे पुढे बरीच वर्षं चालत राहिलं. शनीचे पाच चंद्र १६८४ पर्यंत माहीत झाले होते, १७८९ मध्ये हर्शलनेच दोन वाढवले, म्हणजे सात. आठवा सापडला १८४८ मध्ये. तुमच्याकडे नेपच्यून नाही, तो १८४६ चा. म्हणजे यंत्रात भरलेलं ज्ञान १७९८ नंतरचं आणि १८४६ च्या आधीचं आहे.

यातली खालची मर्यादा पक्की, वरची सैल. जुन्या नमुन्याची यंत्रं कारागीर नंतरही विकत राहिले असतील, शिवाय हल्लीच्या काळातली नक्कलही असू शकते. म्हणून आणखी दोन गोष्टी बघा. तबकडीवर सूर्य मेष राशीत शिरतो ती तारीख कोणती? २० किंवा २१ मार्च असेल तर ठीक. १० मार्चच्या आसपास असेल तर ती तबकडी जुन्या ज्युलियन पंचांगाची. ब्रिटनने ते १७५२ मध्ये सोडलं, तेव्हा युरेनस कुणाला ठाऊकच नव्हता. म्हणजे तबकडी एकीकडची आणि दांडे दुसरीकडचे. आणि स्क्रू बघा. एक जरी फुलीच्या खाचेचा निघाला तरी तो १९३० च्या दशकात किंवा त्यानंतर बसवलेला आहे.

टूलरूम

मृगशीर्ष, पॉलिशच्या डबीला हात लावायच्या आधी तुम्ही दाते मोजलेत, हे वाचून फार बरं वाटलं. या यंत्राचा जीव त्या दात्यांच्या आकड्यांत आहे. मी नोकरीची सगळी वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये (हत्यारं आणि सुटे भाग बनवायच्या विभागात) गिअर कापले आणि आता हीच यंत्रं जुळवत बसतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

शुक्राची सूर्याभोवतीची फेरी २२४.७० दिवसांची, पृथ्वीची ३६५.२६. भागाकार येतो ०.६१५२. तुमच्याकडे पृथ्वीची जोडी एकास एक आहे, म्हणजे आसाचा एक फेरा म्हणजे एक वर्ष. तेव्हा ७८ गुणिले ०.६१५२, उत्तर ४७.९९. दाता अर्धा-पाऊण नसतो, म्हणून ४८.

आता पडताळा. सगळ्या जोड्या त्याच दोन मध्यांच्या (नळ्यांचा एक, शेजारच्या आसाचा दुसरा) मधे बसतात, अंतर एकच. दात्याचं माप सारखं असेल तर दात्यांची बेरीजही सारखी यायला हवी. पृथ्वीचे ६३ आणि ६३ मिळून १२६. शुक्राचे ७८ आणि ४८ मिळून १२६. दोन वेगळ्या वाटांनी गेलो आणि एकाच आकड्यावर आलो, म्हणजे अंदाज संपला. तुमचं चाक ४८ दात्यांचंच होतं.

कारागिराने तेरास आठ हे गुणोत्तर घेतलंय: पृथ्वीच्या आठ फेऱ्या होतात तेव्हा शुक्राच्या तेरा. शुक्र दर आठ वर्षांनी जवळपास त्याच तारखांना आकाशात त्याच जागी दिसतो, तो याचमुळे. चूक किती राहते? वर्षाला ०.१९ अंश. दांडी शंभर वर्षांइतकी फिरवलीत तर शुक्र साधारण १९ अंश भरकटेल. मंगळ तर याहून सुरेख साधलाय. ७९ भागिले ४२ म्हणजे १.८८०९५ वर्षं, खरा आकडा १.८८०८५. इतक्या छोट्या चाकांत इतकी जवळीक साधायची तर बसून हिशेब करावा लागतो. ख्रिस्तियान हायगेन्सने १६८२ मध्ये स्वतःच्या ग्रहयंत्रासाठी बाकीने पुन्हा पुन्हा भाग देत जायची रीत वापरून शनीसाठी २०६ ला ७ हे गुणोत्तर काढलं होतं. हे करणारे लोक नुसते पितळ घासणारे नव्हते.

मंगळाची बेरीज १२१ येते आणि बुधाची १०३, त्याने घाबरू नका. अंतर तेच आणि दाते कमी, म्हणजे प्रत्येक दाता थोडा मोठा. त्यामुळे जुनं घड्याळाचं तयार चाक आणून ‘साधारण बसतंय’ म्हणून बसवू नका. फिरेल, पण शेजारच्या चाकाचे दाते खाऊन टाकेल. दोन मध्यांमधलं अंतर व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या कॅलिपरने) मोजून कळवा, पृथ्वीच्या चाकाचा बाहेरचा व्यासही.

मृगशीर्ष

दोघांनाही मनापासून धन्यवाद! तबकडीवर मेषारंभ २० मार्चला आहे. स्क्रू सगळे सरळ खाचेचे, आणि एका भोकातला दुसऱ्या भोकात जात नाही. मध्यांतलं अंतर ४९.६ मिमी. पृथ्वीच्या चाकाचा बाहेरचा व्यास ५१.२ मिमी.

टूलरूम

स्क्रू एकमेकांच्या भोकात जात नाहीत, ही चांगली खूण आहे. आटे हाताने पाडलेले असावेत. सुटा केलेला प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर यंत्राचं चित्र काढून त्याच्याच जागी खोचून ठेवा.

४९.६ भागिले ६३ म्हणजे ०.७८७. हे दात्याचं माप, म्हणजे मॉड्यूल. ते आजच्या कुठल्याच प्रमाणित मॉड्यूलमध्ये बसत नाही, म्हणजे बाजारातला तयार कटर चालणार नाही. एकदाती कटर स्वतः घासून घ्यायचा. टूल स्टीलच्या तुकड्याला पृथ्वीच्या चाकाच्या दोन दात्यांमधल्या खाचेचा आकार द्यायचा आणि चाकात धरून उजेडाकडे बघायचं. कडेने उजेडाची रेघ दिसत नाही तोवर घासत राहायचं. इथे घाई केली की पुढचं सगळं वाया. शुक्राचं चाक पृथ्वीच्या चाकाइतक्याच दात्याच्या मापाचं आहे, म्हणून हा नमुना चालतो.

शुक्राच्या चाकाचा पिच व्यास (दाते एकमेकांना भिडतात त्या वर्तुळाचा) ३७.८ मिमी, बाहेरचा साधारण ३९.४. इंडेक्सिंग हेड (चाक सारख्या भागांत फिरवायचं साधन) चाळीसास एकचं, म्हणजे हँडलच्या चाळीस फेऱ्यांना चाकाचा एक फेरा असं असेल तर ४८ दात्यांसाठी दर दात्याला हँडल पाच षष्ठांश फिरवायचं, म्हणजे १८ भोकांच्या वर्तुळावर १५ भोकं. आधी नुसत्या कागदाच्या चकतीवर पेनने ४८ खुणा पाडून बघा, शेवटची पहिलीवर येते का. चाक कापून झालं की त्याच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरात या वर्षाचा आकडा कोरा. उद्या कुणी हे उघडलं तर नवीन भाग कुठला, ते त्याला विचारत फिरावं लागू नये. नळीवर ते सोल्डरनेच बसवा, पण मऊ सोल्डर, आणि उष्णता बेताची. पुढच्या माणसाला काढता आलं पाहिजे.

बुध अडखळतोय तो बहुतेक सुकलेल्या तेलामुळे. नळ्यांच्या मधे हिरवट डिंकासारखा थर दिसेल. मिनरल टर्पेंटाइनने भिजवा, लाकडी काडीने काढा. स्पिरिट (अल्कोहोल) मुळीच वापरू नका, कारण जुन्या पितळावर लाखेचं सोनेरी लॅकर असतं आणि ते स्पिरिटमध्ये विरघळतं. अमोनियाचं घड्याळ धुवायचं पाणीही नको. ठोकून, ओढून केलेल्या पितळाला अमोनियाने चिरा जातात. जोडताना नळ्यांच्या मधे तेलाचा नुसता ओलावा द्या. दात्यांना तेल नाही. तेलावर धूळ बसते आणि तीच कानशीसारखं काम करते.

आणि जोडून झालं की वरून बघा. सगळे ग्रह घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरले पाहिजेत.

शर्मिष्ठा

टूलरूम यांच्या ज्ञानाबद्दल आदर आहे, पण विक्रीच्या बाजूने सांगते. मी जुनी शास्त्रीय उपकरणं विकते. काळपट यंत्राचा फोटो लोक बघून पुढे जातात. पितळ चमकलं की विचारणा वाढते. घरात शोभेला ठेवणाऱ्याला दोनशे वर्षांपूर्वीचं लॅकर नको असतं, त्याला सोन्यासारखं दिसणारं यंत्र हवं असतं. मग चमकवलं तर बिघडलं काय?

टूलरूम

शर्मिष्ठाताई, विचारणा वाढते हे खरं आहे. पण घासलं की तीन गोष्टी जातात. लॅकर जातं, कोरलेली अक्षरं दरवेळी थोडी उथळ होतात आणि पॉलिशची पांढरी पूड कोपऱ्यांत आणि नळ्यांच्या तोंडाशी जाऊन बसते. ती पूड म्हणजे बारीक सँडपेपरच. जाणकार घेणारा पहिल्यांदा तिथेच भिंग लावतो. शोभेसाठीच हवी असेल त्याच्यासाठी हल्ली बनवलेल्या सुंदर ऑररी मिळतात, त्या खुशाल चमकवाव्यात. ज्या यंत्रावर हर्शलचे ते नसलेले चार चंद्र अजून फिरताहेत, तिथे मऊ कापड आणि धीर एवढंच वापरावं, असं माझं ठाम मत आहे. सुरक्षित साफसफाईनेही धूळ आणि चिकटा निघून पितळाला ऊबदार रंग येतो. फोटो तिरप्या उजेडात काढा, फरक दिसेल.

शर्मिष्ठा

कोरलेल्या अक्षरांचा मुद्दा पटला. माझ्याकडे एक छोटं टेल्युरियन आलंय, म्हणजे फक्त सूर्य, पृथ्वी आणि चंद्राचं. ते घासायचं थांबवते. त्यात एक शंका: दांडी फिरवली की पृथ्वीचा कललेला आस सतत सूर्याच्या रोखाने वळत राहतो. तसंच असतं का?

टूलरूम

नाही! आसाने एकाच दिशेला रोखून राहायला हवं, नाहीतर ऋतू कसे दाखवणार? मधे एक स्थिर चाक, मग एक मधलं चाक, मग पृथ्वीखाली एक चाक, अशी तिघांची साखळी असते. पहिल्या आणि तिसऱ्याचे दाते सारखेच हवेत, मधल्याचे कितीही चालतात. तुमच्यात एकतर स्थिर चाकाचा स्क्रू ढिला होऊन तेही फिरतंय, किंवा कुणीतरी चाक बदललंय. आधी स्क्रू आवळून बघा.

मृगशीर्ष

चाक कापून बसवलं. शुक्र फिरला! पृथ्वीच्या आठ फेऱ्या मोजत दांडी फिरवली, शुक्र तेरा फेऱ्या मारून बरोबर निघाला तिथे आला. घरातले सगळे येऊन फिरवून गेले. बुधही आता सुरळीत आहे.

विकण्याआधी शेवटची अडचण. चंद्राचे मणी पांढरे-पिवळसर आहेत, रंगवलेले नाहीत. आणि तबकडीचा कागद एका कडेला उचललाय.

ध्रुवमत्स्य

मणी हस्तिदंताचे असू शकतात, त्या काळच्या ऑररींमध्ये ते नेहमी वापरत. हत्तीच्या दाताच्या व्यापारावर साइटीस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली कडक निर्बंध आहेत. देशोदेशी कायदे वेगळे आहेत आणि काही ठिकाणी जुन्या वस्तूलाही सूट नाही. म्हणून जाहिरात टाकायच्या आधी तुमच्या इथल्या वन्यजीव विभागाला लेखी विचारा. गरम सुई टोचून बघायचा जुना उपाय करू नका, वस्तू कायमची डागते. भिंगाखाली एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषा दिसतात का बघा. इतक्या लहान मण्यावर त्या नाही दिसल्या तरी हस्तिदंत नाही असं ठरवता येत नाही. तेव्हा जाणकाराला दाखवा आणि उत्तर येईपर्यंत विक्री थांबवा.

टूलरूम

कागदाला चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ बारीक कुंचल्याने कडेखाली सरकवा, वर टिपकागद आणि सपाट वजन. खळ पाण्याने पुन्हा सुटते, हाच तिचा गुण. छपाईवर हाताने रंग भरलेले असतील तर पाणी वर येऊ देऊ नका.

जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहा: शुक्राचं ४८ दात्यांचं चाक नवीन, बाकी सगळी चाकं आली तशीच. नव्या चाकाचा फोटो, सोल्डरच्या जुन्या खुणेचा चाक बसवण्याआधीचा फोटो आणि आठ फेऱ्यांचा न तोडलेला व्हिडिओ टाका. काळ लिहिताना ‘चंद्रांच्या संख्येवरून’ असं कारणासकट लिहा, नुसती तारीख नको. पाठवताना ग्रहांचे दांडे काढून वेगळे गुंडाळा, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी, आणि दांडी फिरणार नाही अशी बांधा. शनीच्या कड्याला वेगळा डबा. आणि तुमच्या दातेमोजणीचा कागद, सगळ्या जोड्यांचे आकडे लिहून, बैठकीच्या खाली पाकिटात ठेवून द्या.