पेजमेकरमधल्या जुन्या ओव्या नव्या संगणकावर कशा आणू? मदत हवी आहे

नमस्कार. तालुक्याच्या गावी आमचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि पतसंस्थांचे अहवाल छापता छापता बाबांनी बरीच वर्षं एक दिवाळी अंकही काढला. आसपासच्या वाड्यांवरच्या म्हाताऱ्या बायकांकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यात आहेत. मूळ वह्या ओल लागून गेल्या, सांगणाऱ्या बहुतेकजणी आता नाहीत. छापील अंकही सगळे हाताशी नाहीत. उरल्या त्या फक्त फायली.

त्या विंडोज एक्सपीच्या जुन्या मशीनवर आहेत. पेजमेकर (पानं मांडायचा प्रोग्राम) ६.५ आणि ७, एक मराठी फॉन्ट पॅकेज, आणि त्या पॅकेजचं लॉक, म्हणजे परवान्यासाठीचं छोटं उपकरण, मागच्या प्रिंटर पोर्टला लावलेलं. मशीन चालू होतं, पण हार्ड डिस्क हल्ली खरखरते.

नवा संगणक विंडोज ११ चा घेतला. त्याला लॉकसाठी पोर्टच नाही. यूएसबीची केबल लावली, तर लॉक ओळखलं जात नाही. लेझर प्रिंटरचा जुना ड्रायव्हर बसत नाही. फॉन्ट पॅकेजचा सेटअप 'हे अ‍ॅप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही' असं सांगून थांबतो. कंपॅटिबिलिटी मोडमध्ये एक्सपी निवडलं, तरी तेच. मजकूर वर्डमध्ये चिकटवला तर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं येतात.

दुकानदार म्हणतो, "ताई, जुनं सोडा, नव्याने टाइप करून घ्या." पण बाहेरच्या टायपिस्टच्या हाती ओव्यांमधली बोली प्रमाण मराठी होऊन बसेल. ते मला नको आहे. आधी काय वाचवू? आणि सगळं एकदमच का अडलं?

डीटीपीवाला: ताई, आधी ते मशीन बंद करा. खरखरणाऱ्या डिस्कवर काम करत राहू नका. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडा आणि क्लोनझिला या प्रोग्रामने तिची पूर्ण प्रतिमा, म्हणजे नक्कल, घ्या. नुसत्या पेजमेकरच्या फायली पुरणार नाहीत, विंडोजचं फॉन्ट्स फोल्डरही हवं. अशा पॅकेजमध्ये लॉक बहुधा टायपिंगच्या प्रोग्रामला लागतं. फॉन्ट साधे टीटीएफ (विंडोजच्या नेहमीच्या फॉन्ट फायली) असतील तर पानं वाचायला लॉकची गरज पडू नये. आणि त्या केबलवर आणखी खर्च करू नका, तसल्या केबली प्रिंटरपुरत्या असतात.

पेजमेकर ७ हे २००१ चं, त्यानंतर नवी मोठी आवृत्ती आली नाही. इनडिझाइन या पानं मांडायच्या प्रोग्रामच्या सीएस६ आवृत्तीपर्यंत या फायली उघडत होत्या, पुढे ती सोय काढली. ओळखीत कुणाकडे सीएस६ असेल तर मांडणी त्यातल्या त्यात नीट येते. नाहीतर लिब्रेऑफिस ड्रॉ फुकट आहे, त्यात उघडून बघा. पानं विस्कटतील, मजकूर हाती लागेल.

बिटबाइट: एकदम का अडलं, ते सांगतो. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. ६४ बिटचं विंडोज ३२ बिटचे प्रोग्राम चालवतं, पण १६ बिटचे नाही. त्या काळातल्या कित्येक पॅकेजेसचा सेटअप १६ बिटचा असायचा, तुमचा तिथेच अडला असावा. ड्रायव्हरची गोष्ट वेगळी. तो विंडोजच्या स्वतःच्या ६४ बिटच्या भागांत बसून चालतो, म्हणून ६४ बिटला ड्रायव्हरही ६४ बिटचाच लागतो. कंपॅटिबिलिटी मोड प्रोग्रामला जुन्या आवृत्तीचा भास करून देतो, या दोन्हींवर त्याचा इलाज नाही.

मजकुराचा घोळ फॉन्टचा. युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची समान संकेतपद्धत) रुळण्याआधी प्रत्येक कंपनीने रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले, तेही आपापल्या क्रमाने. फाइलमध्ये 'ग' नाही, अर्धा ग आणि त्यापुढे काना असे दोन तुकडे आहेत. तो फॉन्ट काढला की खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, पण नेमका तुमच्याच फॉन्टचा लागेल. रूपांतर झाल्यावर पहिली वेलांटी आणि रफार बारकाईने तपासा. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं बरोबर उलटं. 'गर्दी'सारख्या शब्दात कन्व्हर्टर हमखास चुकतात.

डीटीपीवाला: म्हणूनच प्रत्येक पानाची पीडीएफ आधी करा, फॉन्ट आत बसवून. नव्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारा प्रोग्राम) एक्सपी टाकून त्यात पेजमेकर चालवता येईल. एक्सपीचे अपडेट २०१४ सालीच बंद झाले, तेव्हा त्याला इंटरनेट जोडू नका. पीडीएफ समोर असली की बोलीतला शब्द कुठे बिघडला ते मूळ पानाशी ताडून बघता येईल.

धागाकर्ती: दोघांचेही मनापासून आभार. मशीन बंद केलं आहे. डिस्कला रुंद पट्टीची जुनी केबल आहे, ती नव्या संगणकाला कशी जोडायची? आणि ओव्यांमध्ये 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' फार येतात. कन्व्हर्टरमध्ये ते टिकतात का, हे कुणी स्वतः करून पाहिलं असेल तर कृपया सांगा.