मदत हवी आहे: कॉलेजसाठी लॅपटॉप, रविवारपर्यंत घ्यायचाय

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी. भाचीला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचाय, बजेट साठ-पासष्ट, अगदीच ताणलं तर सत्तर हजार. ताई म्हणाली तूच बघ. व्हिडिओ बघून डोकं भणभणलंय, प्रोसेसरचं विचारलं तर एक म्हणतो आय फाइव्ह पुरे, दुसरा म्हणतो रायझनच घ्या, तिसरा म्हणतो दिवाळीच्या सेलपर्यंत थांबा, आणि इथे कराडात दुकानदार स्टॉकमध्ये असेल तेच भारी म्हणतो. रविवारी तिला होस्टेलवर सोडायला पुण्याला जातोय, तेव्हाच घेऊन टाकायचा विचार आहे. कृपया सरळ मॉडेल सांगा.

रिकामटेकडा:
शाखा कोणती? बीकॉमला आणि इंजिनिअरिंगला एकच लॅपटॉप कसा सांगणार?

कोयनाकाठ:
पुण्यातलंच कॉलेज आहे, पहिलं वर्ष. टिकाऊ पाहिजे आणि स्क्रीन मोठी पाहिजे.

रिकामटेकडा:
शाखा विचारली हो.

पेंग्विन_७७:
शाखा कुठलीही असू दे, नवा घेऊच नका. आयटी कंपन्यांतून निघालेले जुने थिंकपॅड लॅपटॉप मिळतात, टी ४८० बघा, निम्म्याहून कमी पैशात काम होतं. कीबोर्ड एक नंबर, बॅटरी बदलता येते, रॅम स्वतः वाढवता येते. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाका आणि निवांत राहा.

सांजवेळ:
पेंग्विन, तुमचं ठीक आहे हो, पण नवख्या माणसाला टी ४८० सांगून दुकानात टी ४७० गळ्यात मारतात. त्यात सातव्या पिढीचा प्रोसेसर, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आठव्या पिढीपासून पुढचाच घ्यायचा.

पेंग्विन_७७:
म्हणूनच म्हटलं लिनक्स टाका, पिढीबिढीचा प्रश्नच येत नाही.

हापूस_फॅन:
मी तर म्हणेन मॅकबुक एअर. पंखाच नाही त्यामुळे आवाज नाही, बॅटरी दिवसभर जाते, चार्जर होस्टेलवरच ठेवून जायचं. विद्यार्थ्यांना सवलतही आहे. पाच वर्षांनी विकायला काढलात तरी बरे पैसे येतात.

कोयनाकाठ:
भाचीलाही मॅकच हवाय, तिच्या मैत्रिणीने घेतलाय. ताणून सत्तरमध्ये बसवेन. आर्किटेक्चरला चालेल ना?

रिकामटेकडा:
आर्किटेक्चर!! हे पहिल्या ओळीत हवं होतं की मामा.

टी_स्क्वेअर:
थांबा, मॅक घेऊ नका. मी आर्किटेक्ट आहे, स्टुडिओही शिकवते म्हणून पोटतिडकीने लिहितेय. ऑटोकॅड आणि स्केचअप ही ड्रॉइंगची सॉफ्टवेअर मॅकवर चालतात, ते खरंय, पण रेव्हिट (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं) आणि ल्युमियन (त्याची चित्रं, म्हणजे रेंडर, काढायचं) फक्त विंडोजवर. आणि आताच्या मॅकमध्ये पूर्वीसारखं बूट कॅम्प नाही, विंडोज शेजारी टाकून सुटका नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ग्रुप प्रोजेक्टमध्ये बाकीचे रेव्हिटमध्ये काम करतात आणि मॅकवाली मुलगी कुणाचा तरी लॅपटॉप मागत फिरते, हे दरवर्षी बघते.
काय बघायचं ते सांगते. १६ जीबी रॅम, ५१२ ची एसएसडी, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड. आरटीएक्स ३०५० कार्डात ४ जीबी आणि ६ जीबी मेमरीचे असे दोन प्रकार आहेत, नाव तेच असतं म्हणून दुकानदार सांगत नाही, ६ चाच मागा. ४०५० बजेटमध्ये बसला तर उत्तमच. प्रोसेसरच्या नंबराच्या शेवटी एच किंवा एचएस असू दे, यू वाले हलक्या कामाचे.
आणि स्क्रीन! सगळे प्रोसेसरवर भांडतात, स्क्रीन कुणी बघत नाही. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं पॅनल असतं, रंग फिके दिसतात. मुलं स्क्रीनवर बघून रंग गडद करत जातात आणि ए-वन शीट प्लॉट होऊन आली की विटांची भिंत काळपट, हिरवळ भडक. १०० टक्के एसआरजीबीवालं, रंग नीट दाखवणारं पॅनल बघा.

हापूस_फॅन:
गेमिंग लॅपटॉप सव्वादोन किलो, वर अर्धा किलोचा चार्जर. ही मुलं आधीच शीटचा कंटेनर, टी-स्क्वेअर, मॉडेलचं सामान घेऊन बसमध्ये चढतात. आणि बॅटरी तीन तासही टिकत नाही. हे कुणी बोलणार की नाही?

टी_स्क्वेअर:
वजनाचं पटतं. पण ज्यूरीच्या (प्रोजेक्ट तपासणीच्या) आदल्या रात्री रेंडर अडकलं तर हलका लॅपटॉप काय कामाचा?

बुधवार_पेठ:
डेस्कटॉप घ्या. त्याच पैशात दुप्पट ताकद, आणि बिघडलं तर तेवढाच पार्ट बदलायचा. मोठा मॉनिटरही होईल.

सांजवेळ:
होस्टेलवर तिघींच्या खोलीत डेस्कटॉप ठेवणार कुठे? स्टुडिओत रोज उचलून नेणार का?

गोदाकाठची:
मॅकचा विषय निघालाच आहे तर विचारते, 'दऱ्या'मधला ऱ्य कसा टाइप करायचा?

रिकामटेकडा:
इनस्क्रिप्ट कीबोर्ड असेल तर शिफ्ट दाबून जे, मग डी, मग य. पण मूळ विषय राहू द्या, मामांना रविवारी निघायचंय.

नाना_वाईकर:
लॅपटॉपबरोबर ए-थ्री प्रिंटर घेऊन ठेवा, इंक टँकवाला. आमच्याकडे आहे, शेजारपाजारचेही प्रिंट काढून नेतात.

कोयनाकाठ:
प्रिंटर नकोय नाना. टी_स्क्वेअर ताई, फार आभार. भाचीला वाचून दाखवलं, मॅकवरून तोंड पाडून बसली पण रेव्हिटचं पटलं तिला. आता एकच, सॉफ्टवेअरचे पैसे वेगळे भरावे लागतात का? इथला दुकानदार म्हणतो तो सगळं 'टाकून देतो'.

टी_स्क्वेअर:
अजिबात टाकून घेऊ नका, त्या क्रॅकसोबत, म्हणजे चोरीच्या कॉपीसोबत, काय काय येतं ते कळतही नाही. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅड, रेव्हिट फुकट देतं, कॉलेजमध्ये प्रवेश झाल्याचा पुरावा अपलोड करायचा, वर्षाचं लायसन्स मिळतं आणि शिकत असेपर्यंत दरवर्षी रिन्यू होतं.
आणखी एक, रविवारची घाई कशाला? आमच्याकडे पहिल्या वर्षी बहुतेक सगळं हातानेच, ड्राफ्टिंग बोर्डवर. बऱ्याच कॉलेजांत तसंच आहे. हात बसायला तेच हवं. सीनियर मुलींना विचारा, पहिल्या सेममध्ये लॅपटॉप लागतो का, आणि कॉलेज कोणतं सॉफ्टवेअर शिकवतं. लागत नसेल तर पुढच्या वर्षी याच पैशात आणखी चांगलं कार्ड मिळेल.

बुधवार_पेठ:
मिळेलच असं नाही. मेमरीचे भाव चढलेत, पुढच्या वर्षी तेवढ्याच पैशात कमी रॅम हातात येईल. घ्यायचा तर आत्ताच घ्या, आणि ८ जीबीचा घेऊन नंतर वाढवू असं तर बिलकुल करू नका.

टी_स्क्वेअर:
रॅमचं खरंय. पण ग्राफिक्स कार्ड नंतर बदलता येत नाही, त्यामुळे सीनियरना विचारल्याशिवाय मी तरी नाही घेणार.

कोयनाकाठ:
मग रविवारी नुसतं होस्टेल करतो, सोमवारी ती सीनियरना विचारेल. लागतच असेल तर ३०५०, ६ जीबीवाला. दुकानात गेल्यावर रॅम पुढे वाढवता येते की नाही ते कसं बघायचं? दुकानदारावर विश्वास नाही.

सांजवेळ:
डेमो पीसवर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्स, मग मेमरी. उजवीकडे खाली 'स्लॉट्स यूज्ड' दिसेल. दोनपैकी एक असेल तर एक जागा मोकळी आहे. शंका वाटली तर मॉडेल नंबरचा फोटो काढून इथे टाका, बघून सांगतो.